ड्रॉइंगमध्ये नसलेली पिन

हितेशने पितळेची पाटी विनिताच्या टेबलावर ठेवली नाही, टाकली. कप हलला आणि चहा बशीत सांडला.

"पंच मारून खाली पाठवा मॅडम. उद्या अकराला पाटी ठोकायची आहे."

विनिताने आधी कप बाजूला केला, मग पाटी उचलली. अक्षरं कोरून, त्यात काळा रंग भरून सगळं तयार होतं.

"ही कोरली कधी? मला मजकूर दाखवला नाही."

"दाखवायचं काय त्यात? मागच्या दोन मशिनांवर होता तोच आहे, तुम्हीच केलेला. सॉफ्टवेअरने तुमच्याच फायलीतून उचलला." तो दारात थांबला. "का आता तुमच्याच कामावर तुमचा भरवसा राहिला नाही? कीस काढत बसू नका. ट्रेलर दुपारी एकला निघणार."

दिघीहून म्हसळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा कारखाना मच्छीसाठी बर्फ तयार करणारी मोठी मशिनं बनवायचा. ती अमोनियावर चालत. मालक दयारामशेठ पेणकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले, शिकले नववीपर्यंत. पण त्यांचा एक नियम कुणी मोडू शकत नव्हतं. ज्याने काम केलं त्याने त्यावर आपला ठसा मारायचा. वेल्डरचा पोलादी पंच वेगळा, हवा भरून गळतीची चाचणी घेणाऱ्याचा वेगळा. पुढे पेरू देशातली गिऱ्हाइकं आली, मशिनांवरच्या सूचना स्पॅनिशमध्ये कराव्या लागल्या, तेव्हा शेठने विनिताच्या हातातही एक पंच ठेवला होता. "लिहिणारा काय आभाळातून पडला? त्यानंपन ठसा मारायचा."

एम. एस्सी. रसायनशास्त्र, मग पुण्यात संध्याकाळच्या वर्गांना जाऊन शिकलेली स्पॅनिश, मग दहा वर्षं या कारखान्यात. आगरदांड्याहून रोज फेरीबोटीने खाडी ओलांडून यायचं आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसायचं. तीन वर्षांपूर्वी शेठचा पुतण्या हितेश, त्यांना अप्पा म्हणणारा, ऑफिस बघायला लागला. त्याने केलेल्या कॅटलॉगवर विनिताने भर मीटिंगमध्ये एकेचाळीस चुका दाखवल्या होत्या. तिने त्या मोजून सांगितल्या, हे त्याला जास्त लागलं होतं. तेव्हापासून तो तिला मॅडम म्हणत असे. बाकी कारखाना तिला ताई म्हणायचा.

तिने पाटीवरची पहिली ओळ पुन्हा वाचली. गळती झाल्यास मुख्य व्हॉल्व्हचं काय करायचं ते तिथे होतं. मूळ इंग्रजी सूचनेत शब्द होता सिक्युअर. मुख्य व्हॉल्व्ह सिक्युअर करा, मशीन बंद करा आणि बाहेर पडा. इंग्रजीत हा एक शब्द बरीच कामं करतो: बांधून टाका, कुलूप लावा, हलणार नाही असं करा, मिळवा, सुरक्षित ठेवा. स्पॅनिशमध्ये एका शब्दात हे सगळं मावत नाही. बांधायचं असेल तर सुहेतार. बंद करायचं असेल तर सेरार. पक्कं करायचं असेल तर असेगुरार, आणि विमा उतरवायलाही तोच. पाटीवर असेगुरार होता. चार वर्षांपूर्वी तिनेच तो निवडला होता.

कसा निवडला तेही तिला आठवत होतं. टाळेबंदीचे दिवस, फेरी बंद, ती आगरदांड्याला घरी. समोर फक्त ड्रॉइंग होतं. ड्रॉइंगमध्ये व्हॉल्व्हला एक चाक होतं आणि चाक सोडून दुसरं काही नव्हतं. गळतीच्या वेळी असा व्हॉल्व्ह पक्का करायचा म्हणजे चाक आवळून बंदच करायचा, दुसरं काही करता येणार नाही, असा तिने हिशेब मांडला होता. तो ड्रॉइंगपुरता बरोबर होता. कोरलेल्या पाट्याही घरी आल्या होत्या आणि तिने तिथेच ठसा मारून परत पाठवल्या होत्या; मशीन तिने तेव्हा पाहिलं नव्हतं. नंतर त्या मॉडेलचं मशीन बनलंच नाही, हे तिसरं.

तिने पंच ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवरला कुलूप लावलं आणि जिना उतरली.

खाली बाळाजीकाका मशीनपाशी होते. म्हसळ्याच्या आतल्या गावातले, तीस वर्षं बोटींच्या इंजिनरूममध्ये फिटर. मूळ इंग्रजी सूचना त्यांनीच तोंडी सांगितल्या होत्या आणि ऑफिसने टाइप केल्या होत्या. शॉपमधला प्रत्येक माणूस त्यांच्या हाताखाली शिकलेला.

"वरची मानसं खाली आली," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजे वर काय तरी हरवलं असनार."

"काका, गळती झाली तर या व्हॉल्व्हचं काय करायचं?"

"सिक्युअर मारायचा."

"म्हणजे नेमकं काय?"

त्यांनी पाना खाली ठेवला. पाणी म्हणजे काय असं कुणी विचारावं तसे ते तिच्याकडे बघत राहिले. "सिक्युअर म्हंजे सिक्युअर. बंद. चाक उजवीकडं फिरवायचं, फिरंनासं होईस्तवर. बोटीवर पोरगं पैल्या दिवशी शिकतं ह्ये."

तिने व्हॉल्व्हकडे पाहिलं. चाकाच्या बाजूला एका बारीक साखळीला बोटाएवढी पोलादी पिन लोंबत होती. चाकाच्या आऱ्यात एक भोक होतं आणि मागच्या पट्टीत त्याच्या समोर दुसरं.

"ही कसली?"

"पिन हाय."

"ड्रॉइंगमध्ये नाही."

"ड्रॉइंग काढनारा बोटीवर गेला व्हता काय?" आता ते खुलले, पण चिडूनच. "कॉम्प्रेसर हादरतो. हादऱ्यानं चाक आपोआप फिरतं. म्हनून वॉल पुरा उघडायचा आन् पिन घालून ठेवायची. मग कुनाच्या बापाला हलत न्हाय."

"म्हणजे पिन घातली की व्हॉल्व्ह उघडाच राहणार."

"तर! त्यासाठीच तर केलीय."

"कधीपासून लावता?"

"पैल्या मशिनीपासनं. तिन्ही मशिनींना हाय."

विनिता व्हॉल्व्हसमोर उकिडवी बसली. ती मनातल्या मनात पेरूतल्या एखाद्या माणसाच्या जागी उभी राहिली. नाकात अमोनिया, डोळ्यांतून पाणी, समोर पाटी. पाटी सांगते, मुख्य व्हॉल्व्ह पक्का करा. इथे पक्की करायला एकच गोष्ट होती. तो पिन बघणार. बाहेर असेल तर घालणार, आत असेल तर हलवून खात्री करणार आणि मग पळणार. मागे उघड्या व्हॉल्व्हमधून अमोनिया येतच राहणार.

"ऑफिसला कळवलं होतं का काका, पिन लावली म्हणून?"

"ऑफिसनं इचारलं व्हतं काय?" बाळाजीकाकांनी पाना उचलला. बोलणं संपलं होतं.

जिना चढताना तिने स्वतःला दोनदा विचारलं, की आपण चुकलो तो शब्दात की जागेवर न जाण्यात. उत्तराने फरक पडत नव्हता. त्या दोन पाट्यांच्या कोपऱ्यात तिचा ठसा होता.

हितेशच्या केबिनमध्ये तिने पाटी त्याच्यासमोर ठेवली. "शब्द बदलायला हवा. इथे सेरार पाहिजे. बंद करा."

"सिक्युअर म्हणजे बंदच ना? मग?"

"तुमच्यासाठी. बाळाजीकाकांकडून शिकलेल्या सगळ्यांसाठी. हे स्पॅनिश तसं सांगत नाही." तिने पिनबद्दल सांगितलं, तीन वाक्यांत.

हितेश ऐकताना हसला नाही. तो हुशार होता, हे ती नाकारत नसे. त्याने कपाटातून जुनी फाईल काढली आणि दोन फोटो टेबलावर मांडले. दोन पाट्या, खालच्या कोपऱ्यात तिचा ठसा.

"आज हा शब्द चुकीचा असेल तर चार वर्षांपूर्वीही चुकीचा होता. बरोबर?"

"बरोबर."

"आणि हा पंच कुणाचा?"

"माझा."

"मग बसा शांत." तो मागे रेलला. "दोन मशिनं चार वर्षं चालतायत. कुणी मेलं? तक्रार आली? नाही. आता तिसऱ्या पाटीवर वेगळा शब्द गेला तर तिकडे कुणीतरी विचारणार, आधीचा का नाही बदलला. आम्ही तुमचं नाव सांगणार. दहा वर्षांची अक्कल एका पाटीत बाहेर येईल. मी तुमच्या भल्याचं बोलतोय मॅडम, पहिल्यांदाच. तोच शब्द ठेवा, पंच मारा, घरी जा. तुम्हाला पण बरं, मला पण बरं."

"आणि नाही मारला तर?"

"तर मी अप्पांना सांगेन की बाईंनी दोन मशिनं चुकीची पाठवली आणि चार वर्षं गप्प बसल्या. गप्प बसल्या म्हणेन हं, माहीत नव्हतं असं नाही म्हणणार."

विनिताने पाटी उचलली. "ही मी ठेवते."

"ठेवा. रात्री उशाशी घेऊन झोपा."

तिच्या खोलीत परत येऊन तिने दार लावलं. साडेपाच वाजले होते. पेरूत सकाळचे सात. आधीची दोन मशिनं तिथल्या ज्या दोन कारखान्यांत गेली होती, त्या दोघांना तिने एकच पत्र लिहिलं. त्यात शब्द कोणता, तो का चुकला, पिन कुठे आहे, गळतीच्या वेळी पिन काढून चाक कुठल्या दिशेने फिरवायचं, हे क्रमाने दिलं. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं, ड्रॉइंग अपुरं असल्यामुळे. ते वाक्य खरं होतं. तिने ते खोडलं, कारण व्हॉल्व्हशी उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नव्हता. पत्र पाठवून ती फेरी गाठायला निघाली.

दुसऱ्या दिवशी अकराला सगळा कारखाना मशीनभोवती जमला. पाटी ठोकणे हा इथला समारंभच होता. हवेची चाचणी झाली, की शेठ स्वतः चार रिबिटी ठोकत, नारळ फुटे आणि मग ट्रेलरला मशीन चढवत. मशिनात चाचणीची हवा भरलेलीच होती. चहा करणारी गोदूमावशी किटली घेऊन हिंडत होती.

"पेरूच्या देशात बर्फ कशाला लागतंय गो?" तिने विनिताला कप देताना विचारलं. "सरबत करतात काय?"

"मच्छी ठेवतात मावशी. आपल्यासारखीच."

"मंग पेरू नाव कशाला ठेवलानी, बोंबील ठेवायचा!"

दयारामशेठ हातोडी घेऊन पुढे आले. "पाटी आना."

"पाटी माझ्याकडे आहे शेठ," विनिता म्हणाली. "ठोकायच्या आधी मला पाच मिनिटं द्या."

"अप्पा, ट्रेलरवाला खोळंबलाय," हितेश मधे आला. "यांचं रोजचंच आहे. शब्दाचा कीस."

शेठनी पुतण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पाच म्हनजे पाच."

विनिताने पिन साखळीला लोंबत ठेवली, मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि पलीकडच्या नळीवरचा एक छोटा कॉक फिरवला. हवा फुस्स करून सुटायला लागली. कानठळ्या बसतील असा आवाज नव्हता, पण मागच्या ओळीतल्या माणसालाही ऐकू जात होता.

"गोदूमावशी, किटली ठेवा. असं समजा, ही हवा नाही, विषारी वायू आहे. तुम्हाला इथलं काही माहीत नाही. पाटीवर जे लिहिलंय ते मी मराठीत वाचते. तेवढंच करायचं आणि बाहेर पळायचं."

"मला काय ठावं त्यातलं?"

"म्हणूनच तुम्ही."

हशा झाला. गोदूमावशीने पदर खोचला. विनिताने पाटीवर बोट ठेवून वाचलं, "मुख्य व्हॉल्व्ह पक्का करा. मशीन बंद करा. बाहेर पडा." आणि व्हॉल्व्हकडे हात केला.

गोदूमावशी व्हॉल्व्हजवळ गेली. तिने चाकाकडे पाहिलं, पिनेकडे पाहिलं, दोन भोकांकडे पाहिलं. पिन उचलून भोकात घातली, तळव्याने ठोकली, चाक हलत नाही ना ते हलवून बघितलं. लाल बटण दाबलं. मग किटली उचलून दाराबाहेर गेली आणि तिथून ओरडली, "झालं काय गो?"

हवा फुसफुसतच होती. हसणारे हळूहळू थांबले. बाळाजीकाकांच्या हाताखालचे दोन फिटर एकदम पुढे झाले आणि मग शेठकडे बघून जागीच थांबले.

"गोदूला काय कळतं?" हितेश म्हणाला. "तिकडे ट्रेन्ड माणसं असतात."

"असतील. त्यांना बाळाजीकाका भेटलेले नाहीत."

शेठ व्हॉल्व्हपाशी गेले. ते वाकले, पिन उपसली, चाक उजवीकडे फिरवत गेले. आवाज बारीक झाला आणि थांबला. गुडघ्यावर हात टेकून ते उठले.

"मना इंग्रजी येत नाय. ती दुसरी भाषापन येत नाय. पन गोदूनं काय केला ते मना दिसला. पाटी नवी करा. ट्रेलर उद्या."

"करू या," हितेश म्हणाला. त्याच्या हातात ते दोन फोटो होते. "पण अप्पा, हाच शब्द मागच्या दोन मशिनांवर कुणाचा पंच मारून गेला, तेही विचारा ना मॅडमना. सगळ्यांसमोर."

"माझा," विनिता म्हणाली. "मी मशीन न बघता शब्द दिला. पिन आहे हे मला काल कळलं."

"काल!" हितेश माणसांकडे वळला. "चार वर्षांनी काल."

बाळाजीकाका पुढे आले, पण हितेशकडे नाही, तिच्याकडे. "म्हंजे माझी पिन वाईट?"

"पिन बरोबर आहे काका. ती ड्रॉइंगमध्ये नव्हती."

"बघा. वरच्यांनी चुकायचं आन् खापर खालच्याच्या डोक्यावर." त्यांनी पाठ फिरवली. त्यांच्यामागे त्यांची माणसंही फिरली. पाच मिनिटांपूर्वी तिच्याकडे भांबावून बघणारे ते चेहरे आता सरळ दगडासारखे झाले होते.

शेठनी हातोडी मशीनवर ठेवली. "ती दोन मशिनं चालतायत ना?"

"मस्त चालतायत," हितेश म्हणाला.

"मंग त्याचा नंतर बघू. आता कुठं काय लिहायचा नाय."

"पत्र गेलं शेठ," विनिता म्हणाली. "काल संध्याकाळी. दोघांनाही."

दयारामशेठचा आवाज चढलेला तिने दहा वर्षांत ऐकला नव्हता. तो आताही चढला नाही, उतरला. "मना इचारला?"

"नाही."

"का?"

"तुम्ही नंतर बघू म्हणाला असतात."

कुणीतरी मागे खोकलं.  नारळ शेठनी उचलला, परत ताटात ठेवला आणि ऑफिसकडे चालू लागले. जाता जाता हितेशला म्हणाले, "तू बघ काय ते."

हितेशने हात पुढे केला. "पंच द्या."

"नव्या पाटीवर मारून देते."

"तुमच्या पंचाची गरज नाही आता. उद्यापासून यायचीही नाही."

"पाटीवर शब्द माझा जाणार आहे. कारखान्याचा नियम तुमच्या अप्पांचा आहे. बदलायचा असेल तर त्यांना जाऊन सांगा."

तो गेला नाही. नवी पाटी कोरून यायला साडेपाच वाजले. तोपर्यंत विनिता खालीच एका खोक्यावर बसून होती. तिच्याशी कुणी बोललं नाही. गोदूमावशीने चहा आणला, तिच्या शेजारी ठेवला आणि इकडेतिकडे बघून घाईने निघून गेली. पाटी आली. विनिताने ती व्हॉल्व्हजवळ नेली, चाकाला हात लावून एक एक ओळ वाचली, पिन काढून पाहिली, चाक फिरवून पाहिलं. पिन काढा आणि व्हॉल्व्ह बंद करा, असं आता तिथे होतं. मग पाटी ऐरणीवर ठेवून तिने कोपऱ्यात पंच टेकवला आणि हातोडीचा एकच घाव घातला. ठसा स्वच्छ उठला. पंच तिने हितेशच्या हातात दिला. त्याने तो तिच्यासमोरच भंगाराच्या डब्यात टाकला.

दिघीच्या धक्क्यावर फेरी सुटायच्या बेतात होती. ती कठड्याशी उभी राहिली तेव्हा साडेसहा झाले होते आणि फोन वाजला. पेरूतल्या एका कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याचं उत्तर आलं होतं. नमस्कार नाही, आभार नाहीत.

आम्ही तपासलं. पिन आहे. दर सहा महिन्यांच्या सरावात आमची माणसं ती पिन घालून बाहेर पडत आली आहेत. सराव आजपासून बदलला आहे. या चुकीला जबाबदार असलेल्या व्यक्तीचं पूर्ण नाव आणि हुद्दा तात्काळ कळवावा. आमचे वकील विचारतील.

फेरीने धक्का सोडला. मधल्या पाण्यात रेंज जाते हे तिला माहीत होतं. तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. हुद्द्यापुढे क्षणभर थांबली, मग लिहिलं, भाषांतरकार, आजपर्यंत. स्पेलिंग एकदा तपासलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या कारखान्याचं उत्तर नव्हतं. तिथे आता सकाळचे आठ वाजले होते, पाळी सुरू झाली असणार. फोनवर रेंजच्या दोन काड्या उरल्या होत्या. तिने त्यांच्या जुन्या पत्राखालचा नंबर शोधला आणि लावला.